बिनबटणांचा बेंजो

त्या संध्याकाळी मी आणि बायकोनं मिळून बेंजोचे पेच ढिले केले. मी तो मांडीवर धरला. तिनं माझ्या स्कूटरच्या डिकीतला लहान पाना घेतला आणि गोल कड्याभोवतीचा एकेक पेच थोडा थोडा सोडला. इकडे दिल्लीकडे लू, तो तापलेला कोरडा वारा, सुटली की बेंजोचं कातडं सुकतं, ताणतं, फाटतं. दर उन्हाळ्यात ती हे करायची, म्हणून तर एवढी जुनी वस्तू जशीच्या तशी राहिली. कातड्याला एक चीर नाही.

आपल्याकडे मिरवणुकीत बटणांचा बेंजो असतो, तसला हा नव्हे. लांब दांड्याचा, पाच तारांचा. पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांड्याच्या मध्यावरच. आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरात होतो तेव्हा ती एका गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकाला जायची. साहेबाच्या म्हाताऱ्या आईनं तिला वाजवायला शिकवलं, आणि मायदेशी परतताना आपल्या आजोबांचा हा बेंजो तिलाच देऊन टाकला.

पुढं नोएडात फ्लॅट घेतला. शेजारी सगळे बँकवाले, कंपनीवाले. माझं शिक्षण सातवी, पण तोरा साहेबाचा. मी ऑफिसात होतो एवढंच सांगितलं, ड्रायव्हर होतो हे गिळलं. बायको पहिल्यापासून घरीच असते, म्हणालो. ती खिडक्या लावून वाजवायची. लावायला मीच सांगितलं होतं.

पेच सोडता सोडता ती म्हणाली, "यंदा सोसायटीच्या गणपतीत वाजवीन म्हणते."

"आणि कुठून आणला विचारलं तर? गोऱ्याकडे पोळ्या लाटायचे म्हणशील?"

"पोळ्या तुम्हालाच लागतात. ते पाव खायचे."

"चारचौघांत माझी अब्रू घालवू नकोस."

"बरं," म्हणाली, आणि पुढच्या पेचाला पाना लावला.

सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच हृदय बंद पडलं.

बायका जमल्या. तिला जमिनीवर चटईवर निजवलं होतं. खालच्या मजल्यावरची पंजाबी बाई माझ्याजवळ येऊन बसली. डोळे पुसत हळूच म्हणाली, "भाईसाब, भाभीजी क्या बजाती थीं? दोपहर को मैं टीवी बंद करके सुनती थी."

मी म्हणालो, "वो नहीं बजाती थी. टेप चलता था."