मस्टरवर नसलेला सेंटर फॉरवर्ड

बीम कुठल्याही दारातून सरळ आत येत नसे. आधी उजवा खांदा, मग डोकं, मग उरलेला बीम. आमच्या सायझिंगच्या ऑफिसचं दार तसं अरुंद नव्हतं, पण ते बसवताना सुताराच्या डोळ्यांसमोर असा माणूस नव्हता. तो आत शिरला की माझ्या टेबलावरचा उजेड कमी होई आणि मी मान वर न करताच म्हणे, "बोल बीम."

ज्यांनी भिवंडीच्या नारपोलीत दिवस काढलेत त्यांना बीम म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. सायझिंगमध्ये लूमवर चढवण्याआधी सुताला कांजी पाजतात आणि मग ते एका जाड लोखंडी रुळावर गुंडाळतात. तो भरलेला रूळ म्हणजे बीम. तो उचलायला दोन माणसं लागतात, दमलेली असली तर तीन. हा एकटा उचलायचा. उजव्या खांद्यावर त्याला पावाएवढा घट्टा पडला होता. नाव आपोआपच पडलं. त्याचं कागदावरचं नाव बहुधा त्याच्या मुकादमालाही धड ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तरीही मी ते लिहिलं नाही. म्हणून आज हे लिहायला बसलो आहे.

शुक्रवारी लूम बंद. बाकी सहा दिवस कानांत खटखट आणि सातव्या दिवशी अख्खी नारपोली मैदानावर. मैदान कसलं, लाल मुरूम आणि खडी. गवताचं पातं शोधून सापडलं नसतं. पडलेला माणूस गुडघा घेऊन उठला तर नशीब. बीम त्यावर अनवाणी खेळे. बूट का घेत नाहीस, असं मी एकदा विचारलं.

"माझ्या मापाचा बूट भिवंडीत न्हाय, आणि ठाण्याला जायला सुट्टी न्हाय."

तो मूळचा वळ गावचा. गावात लहानपणापासून कबड्डी खेळलेला, फुटबॉल त्याने पंचविशीत पहिल्यांदा पाहिला. नियम समजावून सांगायला मी कागदावर आकृती काढली तेव्हा त्याने ती उलटी धरली आणि म्हणाला, "कबड्डीत मी एकटा आणि समोर सात. इथं तर धा जण माझ्याच बाजूला हायत. सोपा खेळ हाय." त्याच शुक्रवारी त्याने दोन गोल मारले. बॉल त्याच्या पायात आला की तो वाकडातिकडा पळत नसे. गोल कुठे आहे ते एकदा बघून घेई आणि निघे. मध्ये कोण आहे हा प्रश्न मध्ये असणाऱ्यांचा. समोरच्या संघाचा गोलकीपर, लूमवरचाच एक विणकर, आपल्याच बचावपटूंना ओरडून सांगे, "अरे छोड़ दो, जाने दो उसको! बाल-बच्चेवाले हैं हम!"

पण त्याने मुद्दाम कुणाला दुखावलं असं मी कधी पाहिलं नाही. गोल झाला की आमची पोरं नाचत आणि हा मागे वळे. वाटेत पडलेल्यांना एकेका हाताने उभं करी, पाठीवरचा मुरूम झाडी, "उठ रे बाला, लागलं न्हाय ना?" काही वेळा त्याला गोल साजरा करायला पोचेपर्यंत खेळ पुन्हा सुरू झालेला असे.

ऐंशीच्या दशकात आमच्या भागात कारखान्यांची स्पर्धा सुरू झाली. नियम एकच होता आणि कडक होता: ज्याचं नाव कारखान्याच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, तोच खेळणार. बीम मुकादमाचा हमाल. मुकादमाची माणसं मस्टरवर नसतात. आमच्या शेठना कप हवा होता. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मधुकर, लिस्ट तूच टाइप करतोस ना? मग बघ काहीतरी."

मी बघितलं. मस्टरवरचे चांगले खेळाडू संघात आधीच होते. उरलेल्यांत एक बॉयलरवाले चाचा, दोन वॉचमन आणि मी, मस्टर क्लार्क. यादीवर फोटो लागत नसे. मी टाइप केलं: सेंटर फॉरवर्ड, मधुकर गायकवाड.

बीमला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग तू काय करशील?"

"मी लिंबं कापीन."

आणि खरंच, पुढची आठ वर्षं मी मैदानाच्या कडेला पेटीवर बसून लिंबं कापली. हाफटाइमला मीठ लावलेली फोड प्रत्येकाच्या हातात द्यायची, बीमला दोन. लाउडस्पीकरवरून आवाज येई, "गोल! मधुकर गायकवाड!" आणि माझ्या हातातली सुरी थबके. आमचा गोलकीपर सलीम रोज चिडवी, "क्या मधूभाई, आज तो चार मारे! थके नहीं?" गावातल्या साप्ताहिकात बातमी आली की माझे सासरे ती कापून ठेवत. एकदा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "जावईबापू, बातमीत लिहिलंय तुम्ही दोघांना अंगावर घेऊन गोलात शिरलात. हे कसं काय?" मी म्हणालो, "होतं कधी कधी."

ती बातमी पहिल्या फायनलची. समोर नदीनाक्याचा संघ, त्यांनी बीमवर दोन माणसं लावली होती. शेवटची पाच मिनिटं, दोन-दोन बरोबरी. बीमला बॉल मिळाला तसा एकाने त्याच्या कमरेला विळखा घातला आणि दुसऱ्याने बनियन पकडलं. पंच शिट्टी तोंडात धरून पाहत राहिले, कारण बीम थांबलाच नव्हता. बनियन फाटलं. तो चालत राहिला, हो, चालतच, भरलेला बीम खांद्यावर असल्यासारखा, आणि दोन माणसं व एक बॉल घेऊन गोलरेषा ओलांडून गेला. मग वळून त्या दोघांना उभं केलं. लोक असे ओरडले की बाजूच्या गल्लीतल्या बायका काय झालं बघायला बाहेर आल्या.

बक्षीस समारंभात उत्कृष्ट खेळाडूचं नाव पुकारलं. कुणीच उठेना. मी त्याला कोपर मारलं, "जा ना, तुला बोलावतायत."

"तुलाच बोलावतायत," तो म्हणाला. आणि पोट धरून हसत, फाटक्या बनियनवर माझं नाव घेऊन स्टेजवर गेला.

आता ते पत्र.

चौथ्या वर्षी आम्ही तिसऱ्यांदा कप जिंकलो. त्यानंतर काही दिवसांनी टपालात माझ्या नावाचं एक पाकीट आलं. मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीच्या संघाचं. त्यांचा कुणीतरी माणूस फायनल पाहून गेला होता. श्री. मधुकर गायकवाड यांनी अमुक शुक्रवारी चाचणीसाठी यावं, निवड झाल्यास कायम नोकरी. मैदानाचा पत्ताही होता. ते मैदान मी एकदा रस्त्यावरून पाहिलं होतं. जाळीमागे एवढं मोठं हिरवंगार गवत, की मला वाटलं तिथे चालायलाही परवानगी लागत असेल.

बीम गेला असता तर तिथे त्याला आपलं नाव सांगावं लागलं असतं. मग विचारणा झाली असती, कप परत गेले असते, आणि यादी कुणी टाइप केली हे शोधायला वेळ लागला नसता. माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही पुरेसं नाही. मी पत्र खणात ठेवलं. उद्या सांगू म्हणालो. असे नऊ उद्या गेले.

त्या शुक्रवारी, ज्या वेळी त्याने मुंबईत असायला हवं होतं त्या वेळी, तो आमच्या मुरमावर एका साध्या मैत्रीच्या सामन्यात खेळत होता. इतका सुंदर तो आधी कधी खेळला नव्हता. चार गोल. चौथा तर अर्ध्या मैदानावरून, कुणालाही न शिवता. मी पेटीवरून उठून टाळ्या वाजवल्या. हाफटाइमला त्याने माझ्याकडे पाहून विचारलं होतं, "बरं न्हाय का रे तुला? तोंड असं का?" आणि आपली दुसरी फोड मला दिली होती.

पुढे सायझिंग बंद पडलं. वडप्यापासून वळपर्यंत भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली. बीमच्या घरच्या जमिनीच्या दोन तुकड्यांपैकी एकावर गोदाम आलं आणि बीम चक्क मालक झाला. पण ट्रक लागला की शर्ट काढून हमालांच्या रांगेत पहिला उभा. ड्रायव्हर लोक त्यालाच विचारत, "मालक किधर है?" तो पोत्याखालून म्हणे, "येतोय, थांब."

फुटबॉल सुटला नाही. नव्वदच्या दशकात वळच्या मंडळाने स्पर्धा भरवली आणि उद्घाटनाचा सामना खेळायला मुंबईहून संघ बोलावला. तो आला, तेव्हा मी जर्सीवरचं नाव वाचलं आणि पेटीवर बसलो. तीच कंपनी. बीम चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेलं. पाहुण्यांनी पहिल्या दहा मिनिटांत गोल केला आणि एकमेकांकडे बघून हसले. हाफटाइमला बीमने दोन्ही फोडी एकदम तोंडात टाकल्या.

"काय रे, हसतायत ते?"

"हसतायत."

"हसू दे. दमतील."

ते दमले. बीमने एक गोल डोक्याने केला. दुसरा करताना त्यांचे तिघे त्याच्या त्या घट्ट्यावर आपटून बाजूला पडले, आणि पंचाला एकही फाउल सापडला नाही, कारण बीम फक्त उभा होता. दोन-एक! वळ गावाने त्याला उचलायचा प्रयत्न केला, पाच जण लागले, तरी जमलं नाही. त्या गोंधळात मुंबईचे प्रशिक्षक माझ्याजवळ आले. डायरी उघडून म्हणाले, "हा माणूस इतकी वर्षं होता कुठे? नाव काय यांचं?"

मी खाली वाकून लिंबाच्या साली गोळा करू लागलो. मागून कुणीतरी ओरडलं, "बीमदादा!" ते हसले, डायरी मिटली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र घेऊन वळला गेलो. ते मी फाडलं नव्हतं. बीम ट्रक उतरवत होता. मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. तो म्हणाला, "वाच." मी वाचलं.

"नाव तर तुझं हाय."

"हो."

"मंग तू का न्हाय गेलास?"

आणि तो हसला. असा हसला की हमालांनी पोती खाली ठेवली. मला हसता येईना, रडताही येईना. मग त्याचं हसू हळूहळू थांबलं. त्याने पत्र हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"तिथं गवत व्हतं का रे?"

"होतं."

"सगलीकडं?"

"सगळीकडे."

"बस तू तिथं," तो म्हणाला. हमालांनाही म्हणाला, "बसा रे तुम्ही." मग एकट्याने अख्खा ट्रक उतरवला. मी ओट्यावर बसून प्रत्येक पोतं पाहिलं. माफ केलं असं तो त्या दिवशी म्हणाला नाही, नंतरही नाही. पण पुढच्या शुक्रवारसाठी निरोप आला: लिंबं घेऊन ये.

त्या वर्षी त्याच्या दुसऱ्या तुकड्यासाठी भाडेकरू दारात उभे होते. त्याने सगळ्यांना परत पाठवलं, जमीन सपाट केली आणि गवत लावलं. वळमधल्या लोकांना वाटलं बीमदादाचं डोकं फिरलं. टँकरने पाणी घालून त्याने ते जगवलं. पहिला सामना झाला तेव्हा त्याने पहिला गोल मारला आणि तिथेच आडवा पडला. मी घाबरून धावलो. तो आभाळाकडे बघत होता.

"इथं पडायला बरं हाय रे. आता कुनाला उचलायला नको."

त्या गवतावर तो पन्नाशीनंतरही अनवाणी खेळला. गेल्या पावसाळ्यात गेला. आज चारी बाजूंना पत्र्यांची गोदामं आहेत आणि मध्ये ते एक हिरवं मैदान. मंडळाला तिथे फलक लावायचा आहे, म्हणून त्यांनी माझ्याकडची जुनी कात्रणं मागून नेली. परत द्यायला आलेला सेक्रेटरी गोंधळला होता. "काका, यात बीमदादांचं नावच नाही. सगळे गोल तुमचेच?"

त्याला बसवलं, कागद घेतला आणि जुनी यादी नव्याने लिहून दिली. फलकावर तीच जाईल. सगळी इथे देत नाही, मला बदलायच्या होत्या त्या दोनच ओळी देतो.

सेंटर फॉरवर्ड: बाळाराम गोमा पाटील.

लिंबं: मधुकर गायकवाड.