लाउंजमधला रुसवा

आमच्याकडे लग्नात रुसण्याचा हक्क पोराच्या बापाला असतो. पोरीच्या बापाने रुसायचं नसतं, त्याने हात जोडून फिरायचं असतं. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण ज्याने केला त्याला पोरी नव्हत्या हे नक्की.

मी जुने मोटारपंप विकत घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. सायकलवर गावोगाव फिरून सुरुवात केली, आता नालवाडीला स्वतःचं दुकान आहे. भाव केल्याशिवाय मी देवळाबाहेरचा नारळसुद्धा घेत नाही. पण पोरीच्या लग्नात वांग्यांच्या बाबतीत मी हात आखडला नव्हता. आमच्या भागात लग्नाची इज्जत वांगी-बटाट्याच्या भाजीवर असते. बाजारात जाऊन एकेक वांगं दाबून निवडलं आणि आचाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून भाजी करून घेतली. पोराचा बाप, म्हणजे माझा इवाई, मानाच्या पंगतीत बसला. त्याने एक घास खाल्ला, मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाजीत दम नाई."

आणि ताटावरून उठला. मी हात जोडून मांडवाच्या दारापर्यंत मागे गेलो. तो काही परत बसला नाही.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. दिवाळीचा फोन बायको करायची, मी शेजारी बसून खोकायचो. मी घरात जिवंत आहे एवढं त्याला कळलं की पुरे.

मग नात झाली. जावई नोकरीला गुवाहाटीला आहे. बाळंतपणासाठी दोन्ही आज्या आधीच तिकडे जाऊन बसल्या होत्या. बारशासाठी दोन्ही आजोबांची तिकिटं जावयाने एकाच विमानाची काढली, आणि पोरीचा फोन आला.

"बाबा, मले सगळं माहीत आहे. इथं तोंडं फुगवून आले तं बारसं तुमच्या दोघांबिगर होईन. तुमची सोय हॉटेलात करीन. मामंजीलेही हेच सांगतलं."

पोरगी माझ्यावर गेली आहे. म्हणाली म्हणजे करणार.

नागपूरहून निघालो तेव्हा खिडकी त्याला होती, कडेची सीट मला, आणि मधे एक अनोळखी माणूस आमच्यावतीने घोरत होता. कोलकात्याला विमान बदलायचं होतं आणि मधे भरपूर वेळ होता. मी लोखंडी खुर्चीवर बूड टेकणार तोच इवायाने खिशातून एक चकचकीत कार्ड काढलं. जावई सारखा विमानाने फिरतो म्हणून कंपनीने दिलेलं, त्याने बापाच्या नावावर करून दिलेलं. इवाई कारंज्याला बियाण्यांचं दुकान चालवतो. पण ते कार्ड असं धरलं होतं की जणू विमानं त्याच्याच वावरात उतरतात.

लाउंजच्या दारात काउंटरवर एक मुलगी होती. इवायाने कार्ड ठेवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ये हमारे गेस्ट हैं."

गेस्ट! मी पुढे झालो. "मॅडम, मेरा अलग से करो. कितना लगेगा?"

तिने आकडा सांगितला. त्या आकड्यात आमच्याकडे चालू स्थितीतला पंप येतो.

"मैं खाना नहीं खाऊंगा, खाली बैठूंगा," मी म्हणालो. "बैठने का क्या लगाओगे?"

"सर, रेट फिक्स है."

"कुर्सी तो खाली ही पडी है ना? मैं नहीं बैठा तो तुमको क्या मिलेगा?"

तिने हसून पुन्हा तोच आकडा सांगितला. मागे रांग लागली. शेवटी गेस्ट म्हणूनच आत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा फुकटात मिळालेली गोष्ट मला महाग पडली.

आत गारवा होता. खुर्च्या अशा की बसलं की माणूस अर्धा आत जातो आणि उठताना इज्जत जाते. एका बाजूला झाकणं लावलेली भांडी, पुलाव, पनीर, गुलाबजाम, आणि मशीनमधून येणारी कॉफी. कुणी विचारत नव्हतं, कुणी वाढत नव्हतं. इवायाने ताट भरलं आणि माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसला. गुलाबजाम खाताना तो मुद्दाम डोळे मिटत होता.

भूक मलाही लागली होती. पण त्याच्या कार्डावरचं अन्न खाऊन मग गुवाहाटीत कोणत्या तोंडाने ताठ बसणार? मी पिशवीतून शिदोरी काढली. सुनेने ज्वारीच्या भाकरी आणि जवसाची चटणी बांधून दिली होती, वरून कांदा. कांदा मी तिथल्या काचेच्या टेबलावर बुक्की मारून फोडला.

तो आवाज सगळ्या लाउंजने ऐकला. जाकीट घातलेला एक कर्मचारी धावत आला.

"सर, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"तुम्हारे अंदर के खाने में भाकर है?"

"नहीं सर."

"तो फिर?"

"सर, प्लीज."

माझा आवाज चढला. तो चढला की मलाही खाली आणता येत नाही. लॅपटॉपवाले मान वर करून बघायला लागले. इवाई ताट घेऊन उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या काळात पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

"इवाई, काऊन तमाशा करून राह्यले? तिकडं पोरगी हॉटेलात टाकीन दोघालेही."

"तमाशा मी केला?" मी म्हणालो. "भर पंगतीत ताटावरून कोण उठलं होतं? भाजीत दम नाई म्हणे! अरे, वांगं न् वांगं निवडलं होतं मी!"

कर्मचारी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. इवायाने ताट टेबलावर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसला. बराच आत गेला.

"भाजी चांगली होती," तो हळू म्हणाला.

"काय?"

"चांगली होती म्हणतो. मोठ्या भावानं आधीच सांगून ठेवलं होतं, पोराच्या बापानं एकडाव तरी रुसलं पाह्यजे, नाई तं लोक म्हणतात याच्यात काही वजन नाई. मले रुसायले दुसरं काही सापडलंच नाई. सगळं चोख होतं तुमचं. म्हणून भाजीवर रुसलो."

"अन् उपाशी राह्यले?"

"नाई. मागं आचाऱ्यापाशी बसून खाल्ली. दोनदा घेतली."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. समोरचा नरम पडला की लगेच सौदा मिटवायचा नसतो. तीच भाव करायची वेळ असते.

"तुमचं रुसणं झालं," मी म्हणालो. "आता माझी बारी. मी रुसलो आहे. मनवा मले."

"इथं?"

"इथंच. हात जोडून."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन कसाबसा बाहेर आला, ताट माझ्यापुढे धरलं, आणि एका हाताने जमेल तेवढा नमस्कार केला. "चला इवाई, राग सोडा. दोन घास खाऊन घ्या."

"एवढ्यानं नाई होत. अपमान पंगतीत झाला, भरपाईही पंगतीतच पाह्यजे. बारशाच्या जेवणात उभं राहून सांगायचं, नालवाडीची भाजी एक नंबर होती."

"उभं राहून? बसून सांगतो."

"उभं राहून."

"बरं, उभं राहून. पण फक्त भाजीचं. भावाचं नाव काढणार नाई."

"नका काढू. पण आवाज मोठा पाह्यजे."

"मोठा."

सौदा झाला. मी त्याच्या ताटातलं पनीर खाल्लं. त्यात मात्र खरंच दम नव्हता, हे दोघांनी एकमताने ठरवलं. मग कागदी रुमालाखाली झाकून आम्ही भाकर आणि जवसाची चटणी वाटून घेतली. जाकीटवाल्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. जाताना मी त्यालाही चतकोर दिला, त्याने खिशात टाकला.

गुवाहाटीला पोरीने दार उघडलं तेव्हा नातीला आधी कोण घेणार यावर आमची मोठ्याने घासाघीस चालू होती. माझी बायको आतून ओरडली, "अजून भांडूनच राह्यले का?"

पोरीने दोघांची तोंडं नीट पाहिली. "नाई आई, बोलून राह्यले," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

बारशाला इवाई शब्दाला जागला. भर जेवणात उभा राहिला, छाती काढून म्हणाला, "नालवाडीच्या लग्नातल्या वांग्याच्या भाजीसारखी भाजी मी उभ्या जन्मात खाल्ली नाई!" आवाजही मोठा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंगतीत सगळे जावयाच्या ऑफिसचे आणि शेजारचे, कुणी आसामी, कुणी बंगाली. शेजारच्या बाईंनी मला हिंदीत विचारलं, आजोबा बाळाला आशीर्वाद देत आहेत का?

इवाई खाली बसून वरणभात कालवत होता. माझ्याकडे पाहतही नव्हता, पण त्याचे खांदे हसण्याने हलत होते.

इतकी वर्षं सौदे करतो आहे. उभं राहणं ठरवलं, आवाज ठरवला, आणि ऐकणारे कोण ते ठरवायचं राहून गेलं. आता माझ्या धाकट्या पोराचं लग्न व्हायचं आहे. तिथे पोराचा बाप मी असेन, आणि इवाई पाहुणा म्हणून मानाच्या पंगतीत असेल. त्या वेळी अख्ख्या वर्धा जिल्ह्यासमोर त्याला पुन्हा उभं करतो की नाही बघा.