हसनमियांची बगल

माझ्या नवऱ्याने मला काठीने मारायचा आयुष्यभर प्रयत्न केला.

फार थोड्या वेळा जमलं.

लगेच पोलिसात धावू नका. माणूस गेला. आज वर्ष झालं.

मी जैनब. मी बोलते, नात सना मोबाईलवर लिहिते. अक्षरांची आणि माझी ओळख कुणी करून दिली नाही.

"नानी, हळू बोल ना," असं ती आत्ता म्हणाली. म्हटलं, तेही लिही.

रत्नागिरीकडच्या आमच्या गावात माझे बावा, म्हणजे वडील, लाठी शिकवायचे. मुलगे अंगणात शिकले, मी ओटीवर बसून, तांदूळ निवडत.

हसन बावांचा लाडका चेला. पण समोरून यायचं या माणसाला ठाऊकच नव्हतं. काठी समोर दाखवायचा, पाय टाकायचा तिरका, बाहेरच्या बाजूला. तुम्ही समोर वार करेपर्यंत हा तुमच्या बगलेत उभा.

बोलण्यातही तेच. चहा हवा असला की विचारणार, "दूध आलं का गो?"

लग्नानंतर आम्ही रियाधला. तो अल सुलैच्या एका गोदामात फोरमन, म्हणून फॅमिली इकामा, बायकोला तिकडे ठेवायचा परवाना, मिळाला. मला बाहेर जायला जागा नाही, बोलायला माणूस नाही. मग एकदा त्याने गच्चीवर मॉपचा दांडा माझ्या हातात दिला.

उंच कठडा होता. कुणाला दिसत नव्हतं. मॅक्सी खोचायची आणि खेळायचं.

काठी लागली की लावणाऱ्याने ओरडायचं, "खलास!"

तिकडचा शब्द. झालं, संपलं, आटपलं, सगळ्याला एकच. आपल्याकडे खलास म्हणजे माणूसच गेला.

मग ती आखाती लढाई आली. विषारी गॅसच्या भीतीने खिडक्यांना टेप, दाराशी ओले टॉवेल, आणि रॉकेट आलं की वाजणारा तो भोंगा. ओळखीची बिऱ्हाडं बॅगा भरायला लागली.

एक दिवस जेवताना हा म्हणतो, "तुझ्या आईची तब्येत कशी आहे गो?"

"ठणठणीत. सरळ बोला."

"पोरीला घेऊन गावी जा."

"आणि तुम्ही?"

"कफील सोडत नाही." कफील म्हणजे तिकडचा मालक, त्याच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नाही.

"मग मीही सोडत नाही."

दोन दिवस अबोला. शेवटी ठरलं, गच्चीवर एक डाव. त्याची काठी लागली तर मी विमानात. माझी लागली तर मी इथेच.

दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर उभे राहिलो. रुखसाना, म्हणजे सनाची आई, पाण्याच्या टाकीवर बसून बघत होती.

हा लागला फिरायला. डावीकडून, उजवीकडून. आधी मी मूर्खासारखी त्याच्या मागे वळत राहिले. दम लागला. दांडा कानाजवळून गेला.

"अब्बा, दॅट्स चीटिंग!" पोरगी ओरडली. इंडियन स्कूलची ना.

"चीटिंग नाही बेटा, बगल आहे ही."

मग बावांचं आठवलं. फिरतो त्याला फिरू दे. त्याला अख्खं रिंगण चालायचंय, तुला नुसती टाच वळवायचीय. मी मधोमध उभी राहिले. पुढचा पाय रोवला, मागचा फिरवत राहिले. त्याला नेहमी माझं तोंडच दिसेल असं.

बावा आणखी एक सांगायचे. निसटणाऱ्याच्या मागे धावू नये. तो जिथे पोचायचा, तिथे आपला पाय ठेवावा.

हसनमियां बगलेत शिरायच्या आधी उलट्या पायावर भार द्यायचे. सपात किंचित वाजायची. समोरच्या कुणाला ती ऐकू गेली नसेल. पण मी त्या माणसाच्या सपाता धुतल्या होत्या.

मी समोर खोटा वार केला. सपात वाजली. तो निघाला, आणि तो पोचायच्या आत माझा पाय तिथे. दांडा त्याच्या बरगडीवर.

"खलास!"

हसला नाही. दांडा खाली ठेवला. म्हणाला, "आता काही झालं तर मी बावांना काय तोंड दाखवू?"

मी राहिले.

त्यानंतर एका संध्याकाळी तो कामावर असताना भोंगा झाला. लांब कुठेतरी दणका. मांडणीवरची भांडी वाजली.

बऱ्याच वेळाने दार वाजलं. गोदामाचा अरब ड्रायव्हर.

"हसन?" मी विचारलं.

त्याने दोन्ही हात झटकले. "हसन? खलास, खलास!" आणि जिना उतरून गेला.

इतकी वर्षं तो शब्द खेळात ओरडलेली मी. त्या क्षणी मला फक्त रत्नागिरीचा अर्थ कळला.

दाराकडे तोंड करून खाली बसले. रुखसाना हलवत होती, "मम्मी, ड्यूटी खलास! ही मीन्स ड्यूटी!" मला काही ऐकू येईना. डोळे पुढच्या दारावर.

आणि मागून आवाज आला.

"दूध आलं का गो?"

स्वयंपाकघराच्या बाजूच्या जिन्याने आला होता. हातात खुब्जची, तिकडच्या रोट्यांची, पिशवी; ड्रायव्हरला निरोप द्यायला पुढे धाडून हा बेकरीत थांबला होता.

मी लाटणं फेकून मारलं. चुकलं. अर्थात बाजूला झाला.

म्हातारपणी गावी आलो, तरी रोज संध्याकाळी अंगणात खेळ व्हायचाच. त्याच्या आधाराची काठी आणि माझा झाडू. गुडघे दोघांचे गेलेले. तरी मेला बगलेलाच जायचा, सावकाश, पोस्टाने पाठवलेल्या पार्सलासारखा.

शेवटच्या डावात दम लागून मध्येच खुर्चीवर बसला. "उद्या पुरा करू गो."

उद्या हॉस्पिटलात उजाडला. मी डॉक्टर येतील म्हणून दाराकडे बघत होते. वळले, तोवर हा निघून गेलेला. तेही बगलेनेच.

सपात वाजली असती तर कळलं असतं हो. अनवाणी होता.

सना विचारते, शेवटी काय लिहू? श्रद्धांजली लिहू?

लिही, हसनमियां, अल्लाह तुम्हाला चांगल्या जागी ठेवो. आणि डाव अर्धा आहे. खलास कुणीच म्हटलेलं नाही.

मी मागे धावत नाही. तुम्ही जिथे पोचलात, तिथे पाय ठेवायला येतेच आहे.

तोवर दूध रोज येतं. चहा एकटीचाच होतो.