भुशाचं पोतं

श्रीरामपूरच्या रेशनच्या गोदामासमोर सांडलेले दाणे झाडून, पाखडून गोजरबाई पोट भरायची. तोंडाने मोठी फटकळ बाई. समोर कोणीही असो, भीडभाड नाही. पण एका गोष्टीवर तिची बोलती बंद व्हायची. तिच्या नवऱ्याच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता.

नवरा सहादेव हमाल होता, डावा पाय फरफटत चालायचा. बहात्तरच्या दुष्काळात रेल्वेने लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, पोती यायची. ती उतरवायचा ठेका रंगनाथशेठकडे. एके दिवशी सहादेव पाठीवर पोतं घेऊन थप्पीपाशी अडकला आणि म्हणाला, "उतरवा रे कुनीतरी." शेठ खुर्चीतून हलला नाही. "नाटकं करतोय. चल, काही नाही तुझ्या पाठीवर!" सहादेव त्या पोत्याखालीच गेला.

दहाव्याला प्रवरेकाठी भावकीने नाना वचनं दिली, बायकोला सांभाळू म्हणाली. कावळा फांदीवरून हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी अंघोळीला गेली. गवताच्या कावळ्याने कुठे जीव सुटतो? गोजरबाईने त्याचे सगळे कपडे देऊन टाकले, मुंडासं मात्र ठेवलं. मेलेल्याचं वस्त्र घरात ठेवू नये हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

शेठचा मुलगा शामकांत पैलवान. अंग कमावलेलं होतं, खोटं कशाला बोला, पण बदाम-तुपावर. शेठजीच्या पोराला जत्रेत शिट्ट्या मिळत नाहीत. म्हणून गड्याने स्वतःला 'हमाल पैलवान' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. गरिबीसुद्धा हौसेने अंगावर घालायची चीज झाली! फक्त डोक्याचं नवं मुंडासं नवंच दिसत होतं, हमालाचं वाटत नव्हतं. म्हणून तो गोजरबाईच्या दारात आला.

"मावशी, सहादेवकाकांचं मुंडासं द्या. आखाड्यात त्यांचं नाव काढीन."

"पाठ बी पायजे का त्यांची?" ती फणकारली. तरी तिने दिलं. तिला वाटलं, नाव निघालं तर तेवढ्यानेच जीव मोकळा होईल.

कोल्हारच्या जत्रेत ती बायकांमध्ये उंचवट्यावर बसली होती. हलगी कडाडली. अंगाला तेल आणि धूळ फासलेला, डोक्याला सहादेवचं मुंडासं बांधलेला शामकांत पोतं पाठीवर घेऊन आखाड्याच्या हौद्यात उतरला. पोत्यात नुसता भुसा. शेंबडं पोर उचलील इतकं हलकं.

थोडं अंतर तो ऐटीत चालला. मग त्याचा डावा पाय फरफटू लागला.

गोजरबाई उठून उभी राहिली. शामकांतचे गुडघे वाकले, मानेच्या शिरा टरारल्या, आणि त्याच्या तोंडून घोगरा, दमलेला आवाज आला. "उतरवा रे कुनीतरी."

लोकांनी शिट्ट्यांनी रान उठवलं. पुढच्या रांगेत रंगनाथशेठ कौतुकाने हसत टाळ्या पिटत होता. "नाटकं करतोय!"

गोजरबाईला एकदम उमगलं. सहादेवला कसलंच वचन नको होतं. पाठीवरचं ओझं तेवढं कोणीतरी उतरवायला हवं होतं.

हौद्याच्या मातीत बाईने पाय ठेवायचा नसतो, ती थेट उतरली. पंच ओरडत धावला. "बाहेर हो बाई!"

"मग तुमी हात लावा, मेल्यांनो!"

कोणी लावला नाही. तिने पोत्याखाली खांदा दिला. भुशाच्या पोत्याने तिची हाडं करकरली. दोघांनी मिळून ते मातीवर टेकवलं. तिने त्याच्या डोक्यावरचं मुंडासं सोडून शेजारी ठेवलं. "उतरवलं हो," ती हळूच म्हणाली. "जावा आता."

भर दुपारी, एवढ्या गर्दीत, कावळा खाली आला. मुंडाशाला चोच लावली आणि उडाला. गोजरबाईला हुंदका फुटला. वर्षभराचा घोर एका क्षणात उतरला.

शामकांत मात्र अजून वाकलेलाच होता. आता आवाज त्याचा स्वतःचा होता. "मावशी, माझ्या पाठीवरचं उतरवा ना."

त्याची पाठ उघडी होती. "काय न्हाई तुमच्या—" म्हणता म्हणता तिची जीभ अडखळली. शेठचे हे शब्द तिने कधीच बोलायचे नव्हते. तिने हात पुढे केला. त्या उघड्या पाठीवर तिच्या बोटांना तरटाची खरबरीत वीण लागली.

पुढच्या रांगेत शेठ अजून टाळ्या वाजवत होता.