व्हॅनवाल्या काकांची पुढची सीट

आमच्या कोपऱ्यावरच्या लाल सिग्नलला व्हॅनवाले काका थांबलेले मी एकदाच बघितले, तेही पान थुंकायला. मान बाहेर काढली, थुंकले, आणि दिवा लालच असताना गेले. आत माझी पोरगी, पहिलीतली.

आम्ही यवतमाळकडून नवेच आलेले. हे सकाळीच कंपनीच्या बसने जायचे, शाळा स्वारगेटच्या पुढे, आणि मला साधा रस्ता ओलांडायचा तरी धडकी भरायची. व्हॅनशिवाय करणार काय?

काकांना वाटायचं, पुण्यातले सिग्नल बाहेरून आलेल्यांसाठी लावलेत. "अहो वहिनी, आम्ही इथेच जन्मलो. दिव्याला विचारून गाडी चालवत नाही." झेब्रा क्रॉसिंगला महापालिकेची रांगोळी म्हणायचे. सीटबेल्टला पोरांच्या पाण्याच्या बाटल्या लटकवलेल्या. मधला आरसा स्वतःच्या भांगाकडे वळवलेला, मागून कोण येतंय ते देव जाणे. आणि तोरा असा, जसं काय विमानच चालवतात.

पोरांवर जीव होता, ते खोटं कशाला बोलू. रडणाऱ्याला लिमलेटची गोळी द्यायचे, नाक वाहिलं तर स्वतःच्या रुमालाने पुसायचे. म्हणून तर माझी पोरगी त्यांच्यामागे वेडी. रोज पुढच्या सीटसाठी भांडायची, घरी येऊन सांगायची, मी काकांची असिस्टंट आहे. मला मेलीला त्याचं कौतुक.

मग पालकसभेच्या दिवशी मीच व्हॅनमध्ये बसले, मागे, दप्तरांच्या ढिगात. चौकात दिवा लाल झाला आणि ह्या माणसाने ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. पोरीला विचारलं, "काय मॅडम?"

पोरगी सीटवर उभी राहिली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खांबामागे बघितलं.

"मामा नाही काका, चला."

मामा म्हणजे ट्रॅफिक पोलीस. आडवी बस येत होती, तिचा हॉर्न अजून माझ्या कानात आहे. मी डोळे मिटून घेतले, आणि काका हसत होते. "वहिनी, उघडा डोळे, गेली बस."

शाळेपाशी उतरले, पोरीला खाली घेतलं. काकांना सांगितलं, उद्यापासून पोरगी येणार नाही.

"एवढी भीती वाटते तर शोकेसमध्ये ठेवा तिला," काका म्हणाले. मग तिच्या हातात गोळी ठेवली, तोंड फिरवलं आणि रुमाल काढला. रडत असतील तर रडू देत.

दुसऱ्या दिवसापासून मीच न्यायला लागले, बसने, जीव मुठीत धरून. स्वारगेटला उतरलो तर चालणाऱ्यांचा दिवा लाल. लोक बिनधास्त चालले होते, मी एकटीच तिचा हात आवळून उभी. पोरीने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग वाकून खांबामागे.

"आई, मामा नाही. चल ना."

तिने एक पाय खाली टाकलासुद्धा. मी खसकन मागे ओढली, समोरून रिक्षा सुसाट गेली. ओरडलेच तिच्यावर, आधी दिवा बघायचा असतो म्हणून.

तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हात चोळत म्हणाली, "कुठला दिवा?"