मालनबाईंची धुरी

पुण्याजवळच्या मांजरी गावात एखादा तरणा गडी भेटला, की मालनबाई आधी त्याचं डोकं चाचपत. "गोल हाय बघ, माझ्या हातचं," म्हणत, आणि मिशा फुटलेला तो गडी लाजून खाली बघे. बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

न्हाणं झालं की धुरी. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकायच्या आणि धुरावर बाळाला अलगद फिरवायचं. खोली निळसर होई, भिंती विरघळत. मालनबाईंना वाटे, आपण आणि हे पोर एका ढगात बसलोय. खाली गाव नाही, वर छप्पर नाही. बाळाचे डोळे जड होत, त्यांचेही. त्या ढगात त्यांचं निम्मं आयुष्य फार सुखात गेलं.

पुढे गोठे गेले, टॉवर आले, गोवऱ्या मिळेनात. मालनबाई कुठल्या अडतायत! बांधकामावरचे प्लायवूडचे तुकडे त्या पदरात भरून आणू लागल्या. फुकटचं, आणि वर चटकन पेटणारं.

मग जिना चढताना दम लागायला लागला. लेकीनं, शकूनं, त्यांना दवाखान्यात नेलं.

"आजी, बिडी ओढता?" डॉक्टरांनी विचारलं.

मालनबाईंनी कानांना हात लावले. "अगं बया! वाससुदीक खपत न्हाई मला."

शकूनं धुरीचं सांगितलं. डॉक्टर पक्के पुणेरी. "म्हणजे ओढलीत की. फक्त ओठांना लावली नाहीत." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "आजी, गोवरीचा धूरही वाईटच. प्लायवूडमध्ये तर गोंद, रंग. ते जळलं की विष. बाळांची फुप्फुसं अजून घडत असतात. जन्माचा दमा लागू शकतो."

"पोरं काय ह्यानं वाढवल्यात व्हय?" मालनबाई रस्ताभर पुटपुटत राहिल्या. कारण नात, शकूची लेक संस्कृती, पहिलं बाळ घेऊन कालच घरी आली होती. आयटीतली पोरगी, पण हट्टानं म्हणाली होती, अंघोळ आणि धुरी आजीच्याच हातची हवी.

सकाळी मालनबाईंनी शेगडी रचली, ओवा काढून ठेवला. बाळाला पायांवर घेऊन तेल चोळलं, ऊन पाणी घातलं, दुपट्यात गुंडाळलं. शकू दारात उभी होती. तिनं संस्कृतीला काही सांगितलं नव्हतं. आईच्या तोंडाकडे बघत होती फक्त.

काडीपेटी घ्यायला मालनबाईंनी हात लांबवला, आणि मांडीवरचं ओझं सैल पडल्यासारखं वाटलं. त्यांनी खाली पाहिलं.

"आजी, धुरी?" संस्कृतीनं विचारलं.

"झोपलं की गं," मालनबाई नवलानं म्हणाल्या. "नुसतं न्हाऊनच झोपलं."

त्यांना फार आनंद झाला, आणि मग नजर न पेटवलेल्या शेगडीवर गेली. खोकल्याची उबळ आली. बाळ संस्कृतीच्या ओटीत देऊन त्या बाल्कनीत गेल्या आणि दार ओढून घेऊन खोकल्या. शकू मागोमाग आली, पाठीवरनं हात फिरवत राहिली.

"शके," दम परतल्यावर त्या म्हणाल्या, "समदीच पोरं न्हाऊन झोपायची का गं?"

शकूचे डोळे भरले. आईशी ती कधी खोटं बोलली नव्हती, आजही बोलली नाही.

"झोपायची, आई. तुझ्या हातानंच झोपायची."