संघ गेला, संकुल उरलं

दिवाळी झाली की आमच्या गावातून टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरंबाळं चढतात आणि अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि दारांवरची कुलपं. मी इथल्या शाळेत खेळाचा शिक्षक होतो. त्या महिन्यांत माझ्या तासाला निम्मा वर्गही नसायचा.

तरी गाव मुकं नव्हतं. शाळेमागच्या गावठाणाच्या जागेत आमचं कबड्डीचं मैदान होतं. माझ्या हाताखाली तयार झालेले बाराजण रोज दुपारी चारला तिथं उतरायचे. नेकनूरपासून युसूफ वडगावपर्यंत कुठंही स्पर्धा लागली की आमचा संघ ढाल घेऊनच परत यायचा. मैदानाच्या कडेला माझ्या लहानपणच्या दोस्ताची चहाची टपरी होती. तो तीन वाजता गिऱ्हाईक सोडून पाण्याचा पाइप ओढत यायचा आणि माती भिजवायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी चुन्याची फक्की मारून रेषा आखायचो, तो माझ्या मागं मागं चालत म्हणायचा, ‘‘मास्तर, रेघ वाकडी चालली बे.’’ रेघ सरळच असायची.

मग पुण्याचे एक मालक आले. मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, पुण्यात बांधकामाचा मोठा धंदा. कबड्डीची व्यावसायिक लीग निघाली होती आणि त्यांना तयार संघ हवा होता. त्यांनी आमचा अख्खा संघ घेतला. सराव गावातच ठेवला, पोरांना महिन्याचा पगार बांधला, बूट दिले, बनियनवर पाठीमागं गावाचं नाव छापलं. माझा कर्णधार चढाईला असा जायचा की समोरच्याला तो उजवीकडून येणार की डावीकडून, हे कळेपर्यंत हा परत आलेला असायचा. त्याचे आईवडील आयुष्यभर कोयता घेऊन फिरले होते. त्या दिवाळीनंतर त्याची आई मला रस्त्यात भेटली, म्हणाली, ‘‘गुरुजी, यंदा पयल्यांदाच माज्या घराला कुलूप लागलं न्हाई.’’ एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून निघून गेली. माझ्या नोकरीत मला याहून मोठं बक्षीस मिळालं नाही.

दुसऱ्या वर्षी मालक टपरीवर येऊन बसले. लीगचा नवा नियम आला होता. संघाच्या गावात बंदिस्त हॉल हवा, मॅट हवी, लोकांना बसायला गॅलरी हवी.

‘‘सर, शासनाकडून तुम्ही स्टेडियम मिळवा,’’ ते म्हणाले. ‘‘मिळालं तर संघ इथंच राहील. नाहीतर मला तो पुण्याला न्यावा लागेल.’’

मी कामाला लागलो. दीड वर्ष माझ्या रजा कचेऱ्यांच्या बाकांवर गेल्या. वडवणीहून बीडची एसटी धरायची, साहेब मिटिंगमध्ये आहेत हे ऐकायचं, संध्याकाळी परत यायचं. पुढाऱ्यांच्या वाड्यांवर जाऊन पोरांचे फोटो दाखवले. घरी बायको आजारी होती. ती म्हणायची, ‘‘जा तुम्ही. पोरं हितंच राहिली पायजेत.’’ शेवटी क्रीडा संकुल मंजूर झालं. जागा दाखवायची वेळ आली तेव्हा सलग सपाट सरकारी जागा गावात एकच होती. आमचं मैदान.

ग्रामसभेत मी बोललो. लोक माझ्या शब्दावर हात वर करायला तयार होते. तेवढ्यात टपरीवाला दोस्त मागून उठला.

‘‘आदी मालकाकून लिहून घ्या,’’ तो म्हणाला. ‘‘संघ हितंच ऱ्हाईल म्हून. हा सरकारी पैसा म्हंजी कुणाचा? माज्या चहाच्या साकरेवरबी कर हाय. एवढी इमारत कुणासाठी बांदायची, ते कागदावर येऊ द्या.’’

मी हसलो. सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘अरे, तुझी टपरी हलणार म्हणून तू बोलतोस.’’

सभा हसली. तो खाली बसला. ठराव झाला.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण लिहून मागितलं तर मालक बिथरतील, अशी मला भीती होती.

जेसीबी आला त्या दिवशी मी शाळेतच थांबलो. संध्याकाळी जाऊन पाहिलं, तर वर्षानुवर्षं दाबून, भिजवून, चाळून बसवलेली माती कडेला ढिगात पडली होती आणि टपरीच्या जागी चार खांबांच्या खुणा होत्या. दोस्तानं टपरी आदल्या दिवशीच हलवली होती, दीड मैलावरच्या फाट्यावर. मला सांगितलं नव्हतं.

पायाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं आणि काम थांबलं. पोरांना सरावाला जागा उरली नाही. मालक म्हणाले, सहा महिने पुण्यात ठेवतो, तिथं हॉल आहे. जाताना कर्णधार पाया पडला.

‘‘सर, बांदकाम झालं की आमी हाजर. सा म्हयन्याचा तर सवाल हाय.’’

‘‘चढाईत घाई करू नको,’’ मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात टोळ्याही गेल्या आणि संघही गेला. त्याच हिवाळ्यात बायको गेली. दुपारचे चार वाजले की मी सवयीनं उठून शिट्टी गळ्यात घालायचो आणि दारापर्यंत जाऊन परत फिरायचो. सुरुवातीला प्रत्येक सामन्यानंतर कर्णधाराचा फोन यायचा. ‘‘सर, बगितलं का? पकड कशानं सुटली?’’ मी मोबाइलवर सामना पाहिलेला असायचा, सांगायचो. मग तिकडं नवे प्रशिक्षक आले. फोन पंधरा दिवसांनी, महिन्यानं येऊ लागला. पुढच्या हंगामात बनियनवर आमच्या गावाच्या नावाआधी पुण्याचं नाव आलं. त्याच्या पुढच्या हंगामात आमचं नाव निघालं.

इमारत मात्र पूर्ण झाली. सहा महिन्यांची चार वर्षं झाली होती, पण झाली. उंच छत, निळी मॅट, दोन्ही बाजूंना गॅलरी, पुढाऱ्यांच्या नावांची संगमरवरी पाटी. उद्घाटनाला पुण्याहून संघ आला, प्रदर्शनीय सामना खेळायला. मी शाळेचा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. मध्यंतरात मालक शेजारी आले. मी विचारलं, ‘‘मग आता कधीपासून इथं?’’

ते वाईट माणूस नाहीत. खरं तेच बोलले. ‘‘सर, स्टेडियम झकास झालं. पण आमचे सामने डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा तुमचं अर्धं गाव उसाला गेलेलं असतं. ही गॅलरी मी कुणाला आणून भरायची?’’

माझा जन्म या गावात गेला. टोळ्या जाताना मी दर वर्षी पाहिल्या. दीड वर्ष अर्ज लिहिले, पण ही एवढी साधी गोष्ट एकही अर्ज लिहिताना माझ्या मनात आली नाही.

सामना संपल्यावर कर्णधार भेटला. अंग भरलं होतं, गुडघ्याला पट्टी होती. ‘‘सर, तिकडं घर घेतलं. आईला घेऊन गेलतो दिवाळीत, आता ती तिकडंच ऱ्हाती. तुमी या की एकदा.’’ मी येतो म्हणालो. त्याच्या इथल्या घराला आता कायमचंच कुलूप होतं, हे मी त्याला बोललो नाही. तो सुखात होता. मला आनंद झाला होता. गाडी हॉर्न वाजवत होती, तो धावत गेला.

संकुलाला पहारेकरी नेमला होता. तो दोन महिन्यांत कंटाळून निघून गेला आणि किल्ल्या माझ्याकडं आल्या. मी निवृत्त झालो होतो, वेळ होता. निवडणुकीच्या वेळी तिथं पेट्या ठेवतात, कधी कुणाचं लग्न होतं. एरवी मी सकाळी दारं उघडतो, पारव्यांची घाण झाडतो, मॅट पुसतो. गेल्या जानेवारीत एकदा झाडू बाजूला ठेवून मी मध्यरेषेवर उभा राहिलो आणि चढाईला निघालो. ‘‘कबड्डी, कबड्डी...’’ छतावरून आवाज उलटा आला, तो इतका मोठा की मी दचकून थांबलो. दम तर आधीच संपला होता. पासष्टीचा माणूस, समोर कुणी नाही, आणि मला लाज वाटत होती.

त्याच दिवशी मी फाट्यापर्यंत चालत गेलो. एवढ्या वर्षांत त्या टपरीवर मी पाऊल ठेवलं नव्हतं. एसटीत असलो की दुसऱ्या बाजूला तोंड करायचो. दोस्त पार पिकला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, चहा टाकला आणि ग्लास पुढं केला.

‘‘तू म्हणाला होतास ते बरोबर होतं,’’ मी म्हणालो. ‘‘आणि मी सभेत बोललो ते वाईट होतं.’’

त्यानं स्टोव्हला हवा मारली.

‘‘मला टपरीचं काय न्हाई, मास्तर,’’ तो म्हणाला. ‘‘तू माजं लोकांत हसं केलंस. ह्या वयात ते न्हाई जात.’’

‘‘संकुल बघायला ये एकदा. किल्ली माझ्याकडंच असते.’’

‘‘न्हाई येणार.’’

वडवणीची एसटी आली, दोन बाया उतरल्या, त्यांनी चहा मागितला आणि तो त्यांच्याकडं वळला. मी ग्लास विसळून फळीवर पालथा ठेवला. निघताना त्याला म्हणालो, उद्या येतो. त्यानं ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. आता मी रोज जातो. तो चहा देतो. आम्ही फार बोलत नाही.